चेन एका सुतात

गिअरच्या जुन्या सायकलचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग), लिव्हर आणि केबल काढून तिची एकाच गिअरची सिंगलस्पीड करणं तसं सोपं वाटतं. सायकल हलकी होते, बिघडणारे भाग कमी होतात. पण चेन चढवून पेडल मारलं की घरघर सुरू होते आणि पहिल्याच खड्ड्यात चेन पडते. मग नवी चेन आणली जाते. तीही पडते, कारण पुढचं चेनव्हील आणि मागची दातेरी चकती एका सुतात नसतात. सायकलवाले या रेषेला चेनलाइन म्हणतात.

ती मोजायची सायकलच्या मधोमध कल्पिलेल्या उभ्या पातळीपासून. चेनव्हीलच्या दातांचा मध्य त्या पातळीपासून जितका बाहेर, ती पुढची चेनलाइन. चकतीचा मध्य जितका बाहेर, ती मागची. ट्रॅक सायकलींत हा आकडा साधारण ४२ मिलिमीटर असतो. दोन चेनव्हीलच्या रोड सायकलींत तो ४३.५ च्या आसपास, तर तीन चेनव्हीलच्या माउंटन सायकलींत ४७.५ ते ५० असतो. आपल्याकडच्या काळ्या दणकट सायकलीला हा प्रश्न पडत नाही, कारण तिचे भाग एकमेकांसाठीच बनलेले असतात. घोळ होतो तो एका जातीचा क्रँक आणि दुसऱ्या जातीचा हब एकत्र आणल्यावर.

पण गिअरच्या सायकलीत चेन रोजच तिरकी चालते, तिथे ती का पडत नाही? तिथे मागच्या डिरेलरची कप्पी चेनला नेमक्या चकतीखाली आणून सोडते आणि स्प्रिंग तिचा ढिलेपणा ओढून धरते. सिंगलस्पीडमध्ये ही राखण नसते. ४४ दातांचं चेनव्हील मिनिटाला ९० फेरे घेत असेल, तर ३,९६० वेळा एकेक दात चेनमध्ये शिरतो. रेषा हुकली असेल, तर दर वेळी चेनची पट्टी दाताच्या कडेला घासते. घरघर येते ती तिथून. दात एका बाजूने झिजतात आणि धक्का बसताच ढिली चेन दातावर चढून उतरते.

यात शक्ती मात्र फारशी वाया जात नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर आणि सहकाऱ्यांनी चेनची कार्यक्षमता मोजली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, प्रयोगशाळेत चेन तिरकी असल्याचा परिणाम नगण्य होता. चेनवरचा ताण आणि चकत्यांचा आकार जास्त महत्त्वाचे ठरले. गणितही तेच सुचवतं. पुढच्या-मागच्या आसांत ४२ सेंटिमीटर अंतर असेल आणि रेषा ५ मिलिमीटरने हुकली, तर कोन भरतो जेमतेम ०.७ अंश. पायांना तो कळणार नाही, दातांना कळतो.

मोजमापाला साधी पट्टी पुरते. सीटखालच्या दांड्याच्या पृष्ठभागापासून दातांच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्यावं आणि त्यात दांड्याची निम्मी जाडी मिळवावी. दांडा २८.६ मिलिमीटरचा असेल, तर १४.३ मिळवायचे. मागे चाक बसतं त्या दोन खाचांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर निम्मं करून त्यातून खाच ते चकती हे अंतर वजा करावं. अंतर १३० आणि चकती खाचेपासून २२ आत असेल, तर मागची चेनलाइन ६५ उणे २२, म्हणजे ४३.

पुढे ४७ आणि मागे ४३ आले, तर ४ मिलिमीटरचा हिशेब चुकता करायचा. मागे कॅसेटचा हब असेल, तर काम स्वस्तात होतं: चकतीच्या दोन्ही बाजूंचे स्पेसर अदलाबदल करून ती बाहेर सरकवायची. आट्यांवर बसणाऱ्या फ्रीव्हीलला ही मुभा नसते. मग बॉटम ब्रॅकेटचा, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतात तो, एक्सल बदलावा लागतो. चौकोनी टोकांचा, दोन्ही बाजूंना सारखा असलेला ११८ चा एक्सल काढून ११० चा घातला, की चेनव्हील ४ मिलिमीटर आत येतं. मात्र ते फ्रेमला घासत नाही ना, हे आधी पाहावं. चकतीही पूर्ण उंचीच्या दातांची घ्यावी. गिअरच्या चकत्यांचे काही दात चेन सहज उतरावी म्हणून मुद्दाम छाटलेले असतात.

चेन ताणणारी जादा कप्पी बसवून ही रेषा जुळवणं टाळता येत नाही. ती चेनचा ढिलेपणा घालवते, तिरकेपणा तसाच राहतो. मोकळ्या फ्रीव्हीलवर चेन पडली, तर बहुधा हात काळे होऊन भागतं. चाकाबरोबर सतत फिरणाऱ्या फिक्स्ड चकतीवर मात्र पडलेली चेन अडकून मागचं चाक धावतानाच जाम होऊ शकतं. तिथे मिलिमीटरभराचा फरकही घालवता येईल तितका घालवावा.