पाठवणी : दीक्षेची आणि कॉलेजाची

ज्येष्ठाचे दिवस आले म्हणजे सुरतेच्या बाजारात दोन प्रकारची धावपळ दिसते. एक लग्नसराईची, ती सर्वांच्या परिचयाची आहे. दुसरी अलीकडची असून बारावीचे निकाल हाती पडताच ती सुरू होते. कोणाचा मुलगा पुण्यास निघतो, कोणाची मुलगी वडोदऱ्यास, कोणी गांधीनगरास, तर कोणी थेट अमेरिकेस. पेढीवर येणारे गृहस्थ पूर्वी बसल्याबरोबर तुरीचा भाव विचारीत. आता ते आधी विचारतात, “अमुक गावी होस्टेलात कांदा-बटाट्याविना जेवण मिळते काय हो?” तुरीची चौकशी चहा झाल्यावर होते.

आमच्या पिढीतील पुष्कळजण मॅट्रिक होऊन सरळ गादीवर बसले. घर सोडून शिकावयास जाणे म्हणजे काय, याचा अनुभव आम्हांस नाही. त्यामुळे मुलास निरोप कसा द्यावा, हे आम्हांस आमच्या वडिलांकडून शिकता आले नाही. त्यात आता एक नवी भर पडली आहे. कॉलेजात नाव दाखल होताच, पुस्तक उघडण्यापूर्वी, नव्या मुलांना डोंगरात किंवा अरण्यात चार-सहा दिवस घेऊन जाण्याची प्रथा काही शिक्षणसंस्थांतून रूढ होत आहे. आम्ही येथे विशेषेकरून तिचाच विचार करणार आहो, कारण गेल्या पावसाळ्यात आमच्या सभासदांपैकी कित्येक घरांत या एका पत्रकाने झोप उडविली.

ही कल्पना मूळची अमेरिकेतील. न्यू हॅम्पशर प्रांतातील डार्टमथ कॉलेजात १९०९ साली विद्यार्थ्यांनी डोंगरभटकंतीचे एक मंडळ काढले, आणि १९३५ पासून ते मंडळ पहिल्या वर्षाच्या मुलांना अभ्यास सुरू होण्यापूर्वी जवळच्या पर्वतांत नेऊ लागले. नेणारे प्राध्यापक नसतात. वरच्या वर्गातील विद्यार्थीच असतात. पाठीवर आपले ओझे, रात्री तंबू, चुलीवर सर्वांनी मिळून केलेले अन्न. हेतू एवढाच की, वर्गात जाऊन बसण्यापूर्वी आठ-दहा चेहरे ओळखीचे व्हावेत.

आपल्या देशात ही गोष्ट निराळ्या वाटेने आली. नव्या मुलाची ओळख करून घेण्याची आपल्याकडील जुनी रीत म्हणजे होस्टेलातील छळ. महाराष्ट्र सरकारने १९९९ साली त्याविरुद्ध कायदा केला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली सर्व देशासाठी नियम केले. तथापि वाईट रीत बंद केली म्हणजे तिच्या जागी चांगली आपोआप येत नाही. गांधीनगरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने २०११ साली नव्या विद्यार्थ्यांसाठी पाच आठवड्यांचा पायाभरणीचा कार्यक्रम सुरू केला. त्यात नेहमीचे तास नाहीत, खेळ, कला, समाजकार्य व सहली आहेत. पुढे २०१७ साली तंत्रशिक्षण परिषदेने इंजिनियरिंग कॉलेजांसाठी तीन आठवड्यांचा प्रारंभिक कार्यक्रम ठरविला. २०१९ साली अनुदान आयोगाने असाच कार्यक्रम सर्व विद्यापीठांसाठी सुचविला आणि त्यास नाव दिले ‘दीक्षारंभ’.

या नावाने आमच्या एका स्नेह्याच्या घरी जो प्रसंग घडला तो सांगितल्यावाचून राहवत नाही. मुलाने फोनवर आईस सांगितले, “आई, सोमवारपासून आमचा दीक्षारंभ आहे, चार दिवस फोन लागणार नाही.” माउलीने हातातील ताट खाली ठेवले व ती मटकन बसली. इंजिनियर होण्यास गेलेला मुलगा पहिल्याच आठवड्यात वैराग्य घेतो की काय! सुरतेतील जैन घरात या शब्दाचा दुसरा अर्थ कोणाच्या मनात येणार?

तो प्रसंग ऐकून आम्ही हसलो खरे, पण मागाहून त्याच शब्दाने आम्हांस विचारात पाडले. जे मूल कायमचे घर सोडून जाते, त्याच्या पाठवणीची संपूर्ण रीत आपल्या समाजापाशी आहे. आई-वडिलांची संमती असल्यावाचून दीक्षा होत नाही. ती संमती घरात कुजबुजून दिली जात नाही, संघासमोर दिली जाते. मग वरघोडा निघतो, वर्षीदान होते, सुरतेचे रस्ते भरून जातात. रजोहरण हाती पडताच दीक्षार्थी आनंदाने नाचतो, आणि आई रडत असली तरी तिचे रडणे एकटीचे नसते. भोवती हजार माणसे असतात. पुढे नव्या साधूस लगेच पक्का मानीत नाहीत. आधी गुरूंबरोबर विहार, जुन्या साधूंच्या संगतीत चालणे, बसणे, गोचरी शिकणे, आणि मग वडी दीक्षा. नवख्यास वाटेवरच शिकवावे, ही युक्ती आपल्या आचार्यांस डार्टमथच्या कितीतरी शतके आधी ठाऊक होती.

आणि जे मूल चार वर्षांसाठी जाते त्याचे काय? त्याच्यासाठी आपल्यापाशी खाकऱ्यांचे डबे आहेत. बाकी रीत अशी कोणतीच नाही. काही घरांत तर आई मुलाबरोबरच जाते, कॉलेजच्या गावी भाड्याने खोली घेते आणि सहा-सहा महिने तेथे स्वयंपाक करते. मागे वडील हॉटेलात जेवतात. पोत्याला लोखंडी नळी खुपसून मूठभर दाणे हातावर घेतले की माल कळतो. पण पोते उघडूच द्यावयाचे नाही असे ठरविले, तर माल कसा ठरावा?

वास्तविक हा प्रश्न आपल्या समाजापुढे नव्याने आलेला नाही, आणि त्याचे पहिले मोठे उत्तर एका सुरतकरानेच दिले. शेठ माणिकचंद हिराचंद यांचा जन्म १८५१ साली सुरतेत झाला. मुंबईस जाऊन ते मोत्यांच्या व्यापारात नावारूपास आले. त्यांचे स्वतःचे शालेय शिक्षण बेताचेच होते. परंतु जैन मुले जेवणाच्या अडचणीमुळे कॉलेजापासून दूर राहतात, हे त्यांनी नेमके ओळखले. शतक पालटण्याच्या सुमारास त्यांनी मुंबईत तारदेवला वडिलांच्या नावे हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग काढले आणि इतर ठिकाणच्या बोर्डिंगांनाही हात दिला. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगला त्यांचे साहाय्य होते. तरुण वयात वैधव्य आलेल्या आपल्या कन्येस, मगनबाईंस, त्यांनी शिकविले व तिच्या हातून श्राविकाश्रम उभा राहिला. मुलींना बाहेरगावी शिकावयास पाठविताना आजही ज्यांचा पाय अडखळतो, त्यांनी हा काळ ध्यानात घ्यावा. १९१५ साली आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने मुंबईस श्रीमहावीर जैन विद्यालय स्थापन झाले, त्याच्या शाखा पुढे इतर शहरांत निघाल्या. या वसतिगृहांनी किती डॉक्टर, वकील व इंजिनियर दिले, हे आपल्या सभासदांच्या घरोघरी पाहावयास मिळते.

परंतु कोल्हापूरच्या त्याच बोर्डिंगाची एक हकीकत आपल्या स्मरणिकांतून सहसा छापली जात नाही, म्हणून ती येथे मुद्दाम देतो. तेथे कुंभोजचा एक जैन मुलगा शिकत होता. बोर्डिंगाची व्यवस्था तेव्हा अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती, जे पुढे १९३७ साली मुंबई इलाख्याचे अर्थमंत्री झाले. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले, त्याच्या समारंभास हा मुलगा गेला आणि तेथील पंक्तीस बसून जेवला. परत आल्यावर स्नान करून शुद्ध हो, असे सांगण्यात आले. त्याने नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. तोच मुलगा म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले; त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत, स्वतः राबत, स्वतः रांधीत. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही गेले. लठ्ठे मोठे होते व त्यांचे बोर्डिंगही मोठ्या उपकाराचे होते, यात शंका नाही. पण आपल्या समाजाने अर्ध्या महाराष्ट्राचा शिक्षक आपल्या वसतिगृहातून बाहेर घातला, हेही तितकेच खरे आहे. मुलाचा धर्म राखावयाचा म्हणजे त्याला दुसऱ्याच्या पंक्तीपासून राखावयाचे, अशी समजूत असली की असे होते. भाऊरावांनी आयुष्यभर अंगी बाणविलेले अपरिग्रह पाहिले, म्हणजे त्या पंक्तीत त्यांचे जैनत्व गळून पडले असे कोण म्हणेल?

असो. आता डोंगरावरील सहलीकडे वळू.

आमच्या सभासदांच्या हरकती तीन आहेत आणि त्यांतील एकही पोकळ नाही. पहिली भोजनाची. सुरतेत जुलै महिन्यात सूर्य सव्वासात-साडेसातच्या सुमारास मावळतो आणि होस्टेलची घंटा बहुधा त्यानंतरच होते. डोंगरात तर चूल पेटेपर्यंतच अंधार पडतो. चौविहार पाळणाऱ्या मुलाने उपाशी निजावे काय? दुसरी हरकत पाण्याची व शिध्याची. श्वेतांबर परंपरेत मिठाई, खाकरे यांसारख्या वस्तूंचा काळ हिवाळ्यात तीस दिवस, उन्हाळ्यात वीस, पण पावसाळ्यात पंधराच दिवस मानतात. उकळलेल्या पाण्याचा काळही पावसाळ्यात तीन प्रहरांवर येतो. तिसरी हरकत सर्वांत महत्त्वाची आहे. आषाढ शुद्ध चतुर्दशीपासून साधू-साध्वी एका जागी स्थिर होतात, कारण ओल्या भूमीवर पावलोपावली जीव असतो. शत्रुंजयाची यात्राही त्या चार महिन्यांत बंद असते. नेमक्या त्याच दिवसांत आमच्या मुलांनी गवत तुडवीत हिंडावे, आणि पुढे पर्युषण वा दशलक्षण आले की कॉलेजची पहिली परीक्षा असावी! पंचांग पाहून कॉलेज चालत नाही, हे आम्ही जाणतो. तरी विचारावयास हरकत नसावी. आमच्या पुतण्याने तसे पत्र लिहिले तेव्हा त्याच्या कॉलेजने त्याला सहल पुढे ढकलून कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या तुकडीत घातले. ही तजवीज होऊ शकते, हे त्याच्या वडिलांस ठाऊकच नव्हते. ते मुलाचे नाव काढून घेण्याच्या तयारीत होते.

त्या सहलीची हकीकत त्याने परत आल्यावर सांगितली. पहिल्या संध्याकाळी त्याने भीत भीत तुकडीच्या प्रमुखास सांगितले की, आपण सूर्यास्तानंतर जेवत नाही. प्रमुख वऱ्हाडातला शेतकऱ्याचा मुलगा. तो म्हणाला, “मग आधीच सांगायचं ना गड्या! सगळ्यांचंच लवकर करू.” त्या दिवसापासून बारा मुले साडेपाचला जेवू लागली. आमच्या पुतण्याचे काम भात घालण्याचे. धान्याच्या व्यापाऱ्याचे पोर, पण एका माणसास किती तांदूळ लागतात हे त्याला माहीत नव्हते. पहिल्या दिवशी बारा जणांसाठी इतका भात झाला की शेजारची तुकडीही जेवली. (आम्ही क्विंटलचा हिशेब करणारे लोक, ओंजळीचा हिशेब आमच्या घरांतून बायकांनाच येतो.)

शरीरकष्टांची भीती मात्र आम्हांस समजत नाही. हीच मुले बाराव्या वर्षी उपवास करून पालिताण्याच्या साडेतीन हजारांवर पायऱ्या चढतात. छ’री पालित संघात अनवाणी चालतात, एकवेळ जेवतात, भुईवर निजतात. मांगीतुंगीचा चढ काय कमी आहे? तेथे आई-वडील कौतुकाने फोटो काढतात आणि कॉलेजचा डोंगर म्हटला की डॉक्टरचे प्रमाणपत्र शोधतात. फरक डोंगरात नाही. तेथे आपण बरोबर असतो, येथे नसतो, एवढेच.

म्हणून कार्यकारिणीपुढे आम्ही एक सूचना लेखी ठेवली आहे. कॉलेजांनी काय करावे ते करोत. मंडळाने स्वतः दरवर्षी ज्येष्ठात, आषाढ चतुर्दशीपूर्वी, त्या वर्षी बाहेरगावी शिकावयास जाणाऱ्या मुलामुलींची चार दिवसांची सहल डांगमध्ये न्यावी. सापुताऱ्यास मुक्काम करावा. जवळच नाशिक जिल्ह्यात हातगडचा किल्ला आहे, तेथवर पायी जाऊन यावे. स्वयंपाक मुलांनीच सूर्यास्तापूर्वी उरकावा, कपडे स्वतः धुवावेत, रोजचा जमाखर्च एकाने लिहावा व दुसऱ्याने तपासावा. कॉलेजात एक-दोन वर्षे काढलेली आपलीच मुले प्रमुख असावीत. बरोबर एक शिक्षक, एक बाई व एक डॉक्टर असावेत, आई-वडील नसावेत. आपल्या पेढ्यांवरील गुमास्त्यांची व हमालांची जी मुले यंदा कॉलेजात जात आहेत, ती याच तुकड्यांत असावीत आणि त्यांचा खर्च मंडळाने सोसावा. या शेवटच्या कलमावर सभेत थोडी कुरकुर झाली, ती आम्ही ऐकली. सूचना तशीच ठेवली आहे.

शिध्याची काळजी नको. तांदूळ, मूगडाळ, गूळ आणि डांगच्या नागलीचे पीठ आमच्या पेढीवरून जाईल. नागली वर्षानुवर्षे किडीवाचून टिकते, पण तिच्या पिठाचे तसे नाही. म्हणून ते निघण्याच्या आदल्या दिवशी दळून घेऊ. नावे मंडळाच्या कार्यालयात द्यावीत. कृपा करून बरोबर स्वयंपाकी कोणी पाठवू नये.