जिना उतरताना किती किलो?

समजा, तुमचं वजन ६० किलो आहे. स्टेशनचा पूल चढताना तुमच्या एका गुडघ्यावर किती भार येत असेल? ६० किलो? की पाय दोन आहेत म्हणून ३०? खरं उत्तर आहे साधारण १९०. आणि तोच पूल उतरताना जवळपास २०८! धाप लागते म्हणून आपण चढण्याच्या नावाने बोटं मोडतो, पण गुडघ्याला विचाराल तर तो उतरण्याचं नाव घेईल. 'गड चढताना नाही, उतरताना गुडघे बोलतात' असं ट्रेकवाले म्हणतात, ते काही उगाच नाही.

हे आकडे अंदाजपंचे नाहीत, चक्क गुडघ्याच्या आतून आलेत. गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनमध्ये नडगीच्या हाडावर धातूचा एक भाग बसवतात. बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलमधल्या गेओर्ग बर्गमन यांच्या टीमने या भागाच्या पोटातच सेन्सर बसवले. भार आला की धातू डोळ्यांना दिसणारही नाही इतका वाकतो आणि सेन्सर तेवढंही टिपतो. आत बॅटरी नाही. पायाभोवती तारेचं एक वेटोळं गुंडाळायचं, त्यातून आतल्या सर्किटला वीज मिळते आणि माहिती वायरलेस बाहेर येते. कॅलिफोर्नियात २००४ मध्येच एका पेशंटला असा 'बोलका' गुडघा बसवला गेला होता.

बर्लिनच्या टीमने २०१० मध्ये पाच पेशंट्सचे आकडे प्रसिद्ध केले. हे आहेत सगळ्यात जास्त भाराच्या क्षणाचे, सरासरी: सपाटीवर चालताना शरीराच्या वजनाच्या २६१ टक्के, खुर्चीतून उठताना २४६, जिना चढताना ३१६, उतरताना ३४६. दोन्ही पायांवर नुसतं उभं राहिलं तरी एका गुडघ्यावर १०७ टक्के! म्हणजे 'अर्धं अर्धं वाटून घेतलं' हा हिशोब तिथेही चुकतो.

का? कारण गुडघ्यावर फक्त आपण बसलेलो नसतो, आपले स्नायूही त्याला आवळत असतात. दार कडीजवळ ढकललं तर एका बोटाने उघडतं. बिजागरीजवळ ढकलून बघा, दम लागतो. मांडीचा पुढचा स्नायू गुडघ्याच्या मध्यापासून जेमतेम काही सेंटिमीटरवर ओढत असतो, म्हणजे बिजागरीजवळच. त्यामुळे त्याला खूप जोर लावावा लागतो आणि तो सगळा जोर हाडावर हाड दाबण्यात जातो. चालताना जमिनीकडून येणारा धक्का वजनापेक्षा थोडाच जास्त असतो. बाकीची भर स्नायूंची.

आता प्रत्येकाच्या गुडघ्यात सेन्सर कोण बसवणार? म्हणून बाकी जगाचं काम अंदाजावर चालतं. लॅबमध्ये अंगावर चमकणारे छोटे गोळे चिकटवतात, इन्फ्रारेड कॅमेरे त्यांचा माग काढतात आणि जमिनीत बसवलेली फोर्स प्लेट पावलाचा जोर मोजते. त्यावरून गुडघा वळवायला किती जोर लागला ते निघतं. खरी गोची पुढे आहे. तो जोर कुठल्या स्नायूने किती लावला? समीकरणं मोजकी, अज्ञात राशी ढीगभर. हे गणित सुटत नाही, कॉम्प्युटर मॉडेलला 'बहुधा असं असेल' म्हणत एक उत्तर निवडावं लागतं.

ते बरोबर की चूक, कसं कळणार? अमेरिकेतल्या संशोधकांनी यासाठी भारी स्पर्धा भरवली होती. बोलका गुडघा असलेल्या पेशंटच्या चालण्याचा सगळा डेटा स्पर्धकांना द्यायचा, फक्त आतल्या भाराचा आकडा झाकून ठेवायचा. सगळ्यांनी आपापलं उत्तर दिलं की मग खरा आकडा उघडायचा. इंटर्नल मार्क्सची सोय नाही!

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर गुडघ्याची झीज झालेल्या माणसाला नेमकं काय सांगायचं यासाठी. वजन कमी करा, हे सगळेच डॉक्टर सांगतात. २००५ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की अशा पेशंटचं वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने उतरतो. दिवसभरात आपण हजारो पावलं टाकतो, गुणाकार तुम्हीच करा. 'धावल्याने गुडघे जातात' हे आणखी एक लाडकं वाक्य. धावताना प्रत्येक पावलाचा भार जास्त असतो, हे खरं. पण पावलं लांब पडतात आणि पाय जमिनीवर कमी वेळ टेकतो. त्यामुळे एका किलोमीटरमागचा एकूण हिशोब चालण्याच्या आसपासच येतो, असं २०१४ च्या एका अभ्यासात आढळलं.

मला मात्र बर्लिनच्या त्या यादीत एक गोष्ट खटकली. त्यात खुर्ची आहे, जिना आहे. मांडी घालून जेवणं नाही, उकिडवं बसून भांडी घासणं नाही. पाच माणसं, तीही गुडघा बदललेली. आपल्या आज्यांचा दिवस त्या आकड्यांत मावत नाही.

ही उणीव भरून काढायला आता लाखोंची लॅबच हवी असं नाही. स्टॅनफर्डमध्ये तयार झालेलं ओपनसिम हे सॉफ्टवेअर फुकट आहे. तिथल्याच ओपनकॅपमध्ये गोळे चिकटवायचीही गरज नाही, दोन आयफोनच्या व्हिडिओवरून हालचालींचं गणित मांडता येतं. कॅमेरे जुळवायला बुद्धिबळाच्या पटासारखा एक कागद लागतो. त्याची प्रिंट कॉलेजबाहेर कुठेही मिळेल. आयफोन तेवढे मित्रांकडून मागून आणा.