नवोदय प्रवेश आणि खानदेशातील समान संधी

प्रगत शिक्षणाची संधी गुणवत्तेनुसार द्यावयाची, तर ती गुणवत्ता कोणत्या मापाने मोजली जाते हे प्रथम पाहणे अगत्याचे आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून उदयास आलेली जवाहर नवोदय विद्यालये जळगाव व धुळे या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. सहावीच्या प्रवेशात किमान ७५ टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांना मिळतात; मुलींसाठी व अनुसूचित जाती-जमातींसाठीही राखीव जागा आहेत. परंतु ‘ग्रामीण’ हा वर्ग एकजिनसी नाही. तापीकाठच्या बागाईत गावातील मुलगा आणि चोपडा वा शिरपूर तालुक्यातील सातपुड्याच्या पाड्यावरील पावरा मुलगी, या दोघांचीही गणना त्यातच होते.

निवड चाचणीच्या १०० गुणांपैकी ५० गुण आकृतींवर आधारलेल्या मानसिक क्षमतेला, २५ अंकगणिताला व २५ भाषेला आहेत. आकृती समजण्यास मराठीचे ज्ञान फारसे लागत नाही. उतारा समजण्यास ते लागतेच. जिच्या घरी पावरी बोलली जाते, तिच्या बाबतीत भाषाविभाग आकलनशक्तीबरोबरच प्रमाण मराठीशी असलेला परिचयही मोजतो. अहिराणीभाषक मुलांनाही हा प्रश्न कमीअधिक प्रमाणात भेडसावतो.

आरक्षणाने जागांचे वाटप होते, पूर्वतयारीचे होत नाही. म्हणून न्याय्य प्रवेशाचा विचार पाचवीच्या परीक्षेपासून नव्हे, तर घरची बोली व शाळेची भाषा यांची प्रथम गाठ पडते त्या पहिलीच्या वर्गापासून व्हावयास हवा.