गिनीपिगमधील ‘अकारण’ रक्तस्राव : वैद्य व औषधी विक्रेत्यांचे कर्तव्य

पाळीव प्राणी आजारी पडला की त्याचा मालक प्रथम आपल्या ओळखीच्या वैद्याकडे किंवा जवळच्या औषधी दुकानात धाव घेतो, हा आपल्यापैकी बहुतेकांचा अनुभव आहे. गाय, बैल, कुत्रा यांच्याविषयी पूर्वापार काही माहिती समाजात असते. गिनीपिग हा मात्र मूळचा दक्षिण अमेरिकेतील प्राणी असल्याने त्याच्याविषयी तशी माहिती नाही. नाशिक शहरातील काही कुटुंबांनी हौसेने पाळलेले गिनीपिग रक्तस्रावाच्या तक्रारीसह आमच्याकडे आणले गेले. त्यातून आम्ही जे शिकलो, ते व्यवसायबंधूंसमोर ठेवत आहोत.

पहिल्या प्रसंगी पिंजऱ्यातील भुशावर तांबडे डाग दिसत होते. मालकाच्या आग्रहावरून व मूत्रमार्गाचा साधा दाह समजून आम्ही गोक्षुराचा सौम्य काढा दिला. त्यात चार दिवस गेले. पशुवैद्यकाकडे नेले तेव्हा मूत्राशयात खडा निघाला, परंतु तोवर खाणे सोडलेला तो प्राणी वाचला नाही. ही चूक सर्वस्वी आमची होती. काढा उग्र नव्हता, पण त्या चार दिवसांचे मूल्य आम्ही ओळखले नाही.

रक्तपित्ताची चिकित्सा येथे का लागू पडत नाही?

रक्तस्राव म्हटला की आपल्या मनात रक्तपित्त उभे राहते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील चौथ्या अध्यायात ऊर्ध्वग रक्तपित्तास विरेचन व अधोग रक्तपित्तास वमन सांगितले आहे. बलवान रुग्णातील दूषित रक्त आरंभीच थांबवू नये, असाही निर्देश आहे. हे सर्व मनुष्यशरीर व रुग्णाचे बल गृहीत धरून सांगितलेले आहे.

गिनीपिगला उलटी करताच येत नाही, त्यामुळे वमनाचा प्रश्नच उरत नाही. त्याचे पचन उंडुकातील सूक्ष्म जीवांवर अवलंबून असते. विरेचनाने ती व्यवस्था कोलमडण्याचा धोका असतो. तोंडाने दिलेले अमॉक्सिसिलिनसारखे प्रतिजैविकही त्याला मारक ठरू शकते. मनुष्याच्या गोळीचा तुकडा देऊ पाहणाऱ्या मालकास औषधी विक्रेत्याने हे आवर्जून सांगावे.

बलाचा विचारही अंकांत करून पाहावा. या प्राण्याच्या शरीरात दर किलो वजनामागे साधारण ७० मिलिलिटर रक्त असते. म्हणजे ८०० ग्रॅमच्या गिनीपिगमध्ये सुमारे ५६ मिलिलिटर. त्यातून दोन चहाचे चमचे, म्हणजे १० मिलिलिटर रक्त गेले, तर जवळजवळ सहावा हिस्सा गेला. येथे ‘थोडे थांबून पाहू’ हे धोरण परवडणारे नाही.

कारणे कोणती?

रक्त अकारण येत नाही. कारण आपल्याला दिसलेले नसते, इतकेच. रक्त कोठून येते हे प्रथम पाहावे.

मूत्राबरोबर रक्त येत असेल तर मूत्राशयाचा दाह किंवा खडा संभवतो. या प्राण्यातील खडे बहुधा कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या लसूणघासात कॅल्शियम पुष्कळ असते. वाढत्या पिलांना तो चालतो, परंतु प्रौढ प्राण्यास रोज देऊ नये. मूत्र नैसर्गिक रंगद्रव्यांमुळे किंवा बिटासारख्या खाद्यामुळेही तांबूस दिसते, म्हणून पशुवैद्यकाकडून मूत्रपरीक्षा आवश्यक आहे. मादीस स्त्रियांप्रमाणे मासिक स्राव होत नाही. तिच्या योनिमार्गातून आलेले रक्त हे नेहमीच गर्भाशय वा बीजकोशाच्या विकाराचे लक्षण मानावे.

नाक, हिरड्या, त्वचा अशा अनेक ठिकाणी एकाच वेळी रक्त दिसल्यास घरात उंदरांसाठी विषाची वडी ठेवली होती काय, हे विचारावे. ब्रोमॅडिओलोनसारखी विषे रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडतात, परंतु परिणाम काही दिवसांनी दिसतो. त्यामुळे मालकाला त्या वडीची आठवणही राहत नाही. यावर क१ नव्हे, तर के१ जीवनसत्त्वाचा उपचार आहे आणि तो पशुवैद्यकानेच करावयाचा आहे. विषाचे वेष्टन सोबत पाठवावे.

क जीवनसत्त्वाचा अभाव

दुसऱ्या प्रसंगी एका मुलीचा गिनीपिग हिरड्यांतून रक्त येते म्हणून आणला होता. तो हालचाल टाळत होता आणि पाय धरताच किंचाळत होता. विचारपूस केली तेव्हा सशाचे सुटे खाद्य व द्राक्षे एवढाच त्याचा आहार असल्याचे कळले. या वेळी आम्ही औषध न देता त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे पाठविले. निदान स्कर्व्हीचे झाले. तीन आठवड्यांत तो पूर्ववत हिंडू-फिरू लागला.

बहुतेक प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. मनुष्य, वानर व गिनीपिग यांना ते जमत नाही. १९०७ मध्ये नॉर्वेतील होल्स्ट व फ्रोलिख यांनी गिनीपिगला केवळ धान्य खाऊ घातले असता त्याला स्कर्व्ही झाल्याचे आढळले. पुढे या जीवनसत्त्वाचा शोध लागण्यात हाच प्राणी उपयोगी पडला. मनुष्याच्या रोगाचे ज्ञान ज्याच्यामुळे झाले, त्यालाच त्या रोगाने मरू देणे शोभणारे नाही.

निरोगी प्रौढ गिनीपिगला दररोज दर किलो वजनामागे १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते. सशाच्या खाद्यात ते बहुधा मिसळलेले नसते. गिनीपिगच्या खास खाद्यातीलही साठवणुकीत, विशेषतः नाशिकच्या उन्हाळ्यात, झपाट्याने घटते. असे खाद्य विकणाऱ्यांनी उत्पादनाची तारीख पाहावी व तीन महिन्यांहून जुना माल देऊ नये. द्राक्षे नाशकात मुबलक असली तरी त्यांत हे जीवनसत्त्व फार थोडे व साखर अधिक असते. १०० ग्रॅम ढोबळी मिरचीत ते सुमारे ८० मिलिग्रॅम, तर पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम असते. रोज मिरचीची फोड, कोथिंबीर व भरपूर सुके गवत द्यावे. पेरू गोड असल्याने बेतानेच द्यावा. पाण्यात टाकलेले थेंब लवकर निष्प्रभ होतात.

आवळा आठवणे स्वाभाविक आहे. परंतु आवळाचूर्णातील क जीवनसत्त्व सुकविण्याच्या व साठविण्याच्या पद्धतीनुसार बदलते, म्हणून मोजलेल्या मात्रेची जागा ते घेऊ शकत नाही. साखर, मध व तूप असलेला च्यवनप्राश तर या तृणाहारी प्राण्यास मुळीच देऊ नये.

आपण काय करावे?

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुचिकित्सा हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचे क्षेत्र आहे. आपण चार प्रश्न विचारावेत : रक्त कोठून येते, आहार काय आहे, घरात विष ठेवले होते काय आणि शेवटचे खाणे केव्हा झाले? उत्तरे कागदावर लिहून द्यावीत व त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे पाठवावे. सर्वच पशुवैद्यकांकडे हा प्राणी नेहमी येत नाही, म्हणून आधी दूरध्वनीवर चौकशी करण्यास सांगावे. बारा तास न खाल्लेल्या गिनीपिगच्या बाबतीत तर क्षणाचाही विलंब नको.

दुकानातून काहीही न देता मालकास परत पाठविणे व्यवसायाच्या दृष्टीने अवघड वाटते. परंतु औषध न देता योग्य ठिकाणी पाठविणे हीसुद्धा चिकित्साच आहे. पहिल्या प्रसंगी आम्हास हे उमगले असते, तर तो प्राणी कदाचित वाचला असता.