आजीचा बिडाचा तवा पुन्हा चुलीवर येताना

बिडाच्या तव्यात शिजवल्याने अन्नात थोडे लोह उतरते, हे आम्ही वस्तीतल्या बैठकांत नेहमी सांगतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. तवा काही लोहाच्या गोळीची जागा घेत नाही, पण त्याचा हातभार लागतो. म्हणून माळ्यावरचे जुने तवे खाली येऊ लागले याचा आम्हाला आनंदच आहे. काळजी वाटते ती ते साफ करण्याच्या पद्धतीची.

गंजू नये म्हणून कित्येकांनी अशा भांड्यांना ऑइल पेंट फासलेला असतो. जुन्या बाजारात तर काळा रंग मारूनच कढई विकतात. बाया ती जाळात टाकतात किंवा अंगणात बसून कोरडीच खरवडतात, शेजारी लेकरू खेळत असते. जुन्या रंगात शिसे असू शकते. आपल्याकडे घरगुती रंगांत 90 पीपीएमपेक्षा जास्त शिसे नको हा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा धूर आणि धूळ मुलांच्या मेंदूला इजा करते, पोटातल्या बाळालाही. शिशाचे सुरक्षित असे प्रमाणच नाही. त्यामुळे रंग कधीचा हे माहीत नसेल तर तो तवा भंगारात द्या, आजीचा असला तरी. जीव तुटतो, कळते आम्हाला.

रंग नाही, नुसता वर्षानुवर्षांचा जळका तेलकट थर आहे, तर तवा वाचतो. त्याला कॉस्टिक सोडा लागतो. खाण्याच्या सोड्याने भागत नाही. प्लास्टिकच्या बादलीत 10 लिटर थंड पाणी घ्या आणि त्यात 250 ग्रॅम सोडा हळूहळू सोडा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नका, ते उसळून तोंडावर येते. ॲल्युमिनियमचे भांडे जवळ नको, त्यातून पेट घेणारा वायू निघतो. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, काम उघड्यावर, आणि बादली झाकून मुलांच्या हाताबाहेर. दोन-चार दिवसांत थर सुटतो. मग तारेच्या घासणीने घासून भरपूर पाण्याने धुवा.

सोडा अंगावर उडाला तर निदान 20 मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरा. लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट काही लावू नका. डोळ्यात गेला तर तसेच धुवत धुवत दवाखाना गाठा. कुणी गिळला तर उलटी करवू नका. वर येताना तो अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजतो.

सोड्याने गंज जात नाही. त्यासाठी तवा स्वच्छ धुतल्यावर निम्मे पाणी, निम्मे व्हिनेगर यात अर्धा तास ठेवा. जास्त ठेवला तर बीडच खाल्ले जाते. लगेच धुऊन चुलीवर कोरडा करा, तेलाचा हात फिरवा, फडक्याने जवळजवळ सगळे पुसून घ्या आणि धूर थांबेपर्यंत तापवा. असे तीन-चार वेळा. तेल जास्त राहिले तर तवा चिकट होतो.

पहिली दोन-तीन धिरडी चिकटतीलच. त्यावर साबण घेऊन घासत बसू नका, कांद्याची फोड तेलात बुडवून फिरवा आणि पुढचे घाला.