डीबग (जावास्क्रिप्ट लायब्ररी)

डीबग ही नोड.जेएसवर चालणाऱ्या सर्व्हर प्रोग्रामच्या अंतर्गत नोंदी पाहण्यासाठी वापरली जाणारी लहान मुक्तस्रोत जावास्क्रिप्ट लायब्ररी आहे. ती टीजे होलोवायचुक यांनी तयार केली असून एमआयटी परवान्याखाली उपलब्ध आहे. त्यांच्याच एक्सप्रेस या वेब फ्रेमवर्कमध्ये व मोका या चाचणीसाधनातही ती वापरलेली आहे.

कार्यपद्धती

प्रोग्रामच्या प्रत्येक भागाला विकसक नाव देतो, उदाहरणार्थ ‘अ‍ॅप:डेटाबेस’. एरवी हे भाग मूक असतात. ‘डीबग’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ते नाव लिहिले, की तेवढ्याच भागाच्या नोंदी दिसू लागतात. ‘अ‍ॅप:*’ लिहिल्यास सर्व उपभागांच्या. आधीच्या नोंदीनंतर किती वेळ गेला, हेही शेजारी छापले जाते. त्यामुळे एखादी चाचणी अयशस्वी ठरल्यास कोडला हात न लावता, केवळ संशयित भागाच्या नोंदी सुरू करून तीच चाचणी पुन्हा चालवता येते. लायब्ररीची खरी सोय हीच.

२०२५ मधील हल्ला

८ सप्टेंबर २०२५ रोजी एनपीएमच्या नावाने आलेल्या बनावट ईमेलमुळे एका देखभालकर्त्याचे खाते हल्लेखोरांच्या हाती गेले. डीबगची ४.४.२ ही आवृत्ती, तसेच चॉक व इतर पॅकेजेसच्या दूषित आवृत्त्या त्यातून प्रसिद्ध झाल्या. त्यांतील कोड ब्राउझरमध्ये चालून कूटचलनाचे व्यवहार हल्लेखोरांच्या पत्त्यावर वळवीत असे. डीबग बहुधा दुसऱ्या पॅकेजच्या पाठोपाठ येते; आपण ती वापरतो, हेच अनेकांना ठाऊक नसते. दूषित आवृत्त्या काही तासांतच हटवण्यात आल्या व पुढे ४.४.३ प्रसिद्ध झाली. लॉक फाइलमध्ये जुनी आवृत्ती निश्चित केलेल्या प्रकल्पांत ४.४.२ आपोआप शिरली नाही.