मनाची नोंदवही

किशोरवयात मनःस्थिती बदलतेच. प्रत्येक बदल हा आजार नव्हे. परंतु मूल आठवडाभर दोन-तीन तासांच्या झोपेवरही उत्साहाने वावरते, अखंड बोलते, अफाट बेत आखते, पैसा उधळते आणि पुढे कित्येक दिवस अंथरुणातून उठतही नाही, तेव्हा ‘वयाचा दोष’ म्हणून दुर्लक्ष करू नये. ही द्विध्रुवी मनोविकाराची, म्हणजेच बायपोलर डिसऑर्डरची, लक्षणे असू शकतात.

या विकाराचे निदान रक्ततपासणीने होत नाही. ते लक्षणांच्या पूर्वेतिहासावरून होते. म्हणून पालकांनी रोज झोपेचे तास, मनःस्थिती, खर्च यांची तारीखवार नोंद ठेवावी. घराण्यातील मनोविकारही लपवू नये. केवळ उदासी सांगितली गेली, तर नुसते नैराश्याचे औषध सुरू होण्याचा संभव असतो आणि त्यामुळे काही रुग्णांत उन्माद बळावतो.

१९४९ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा उपयोग दाखविला. ते आजही दिले जाते. मात्र त्याचे रक्तातील प्रमाण वेळोवेळी तपासावे लागते. शरीरातील पाणी घटल्यास ते प्रमाण घातक ठरू शकते. त्यामुळे हे औषध घेणाऱ्या मुलाने पर्युषणातही निर्जल उपवास करू नये. अन्य उपवासाआधी मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. औषध स्वतःहून बंद करू नये.

मुलाच्या बोलण्यात मरणाची भाषा आली, तर त्याला एकटे सोडू नये व तत्काळ रुग्णालय गाठावे. ‘टेली-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे.